खाडीचे आरोग्य : शाळकरी मुलांची नोंदवही आणि आपली शेती

वसई-विरार परिसरातील शेतकऱ्याचा खाडीशी दोन ठिकाणी संबंध येतो. खारभूमीत भात लावणाऱ्याला ती बांधावर भेटते. वाडीत केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला घेणाऱ्याला ती विहिरीच्या पाण्यात भेटते. बांधाला खांड पडली किंवा विहीर मचूळ झाली की खाडीची आठवण होते, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. खाडीत होणारे बदल हळूहळू होतात. ते वेळीच लक्षात यावयाचे असतील तर कोणीतरी ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी आणि सतत नोंद ठेवली पाहिजे.

हे काम इयत्ता सहावी ते आठवीचे विद्यार्थी उत्तम प्रकारे करू शकतात. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. नियमितपणा, प्रामाणिक नोंद आणि शिक्षक व पालक यांचे सहकार्य मात्र लागते. हा अभ्यास कसा करावा आणि त्याचा शेतीसाठी काय उपयोग होतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

आपल्या खाड्यांची ओळख

वसईचा सखल प्रदेश दोन खाड्यांच्या मध्ये वसला आहे. दक्षिणेस वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख आहे. उत्तरेस अर्णाळ्याजवळ वैतरणा नदी समुद्रास मिळते. पूर्वेकडे तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. तेथून उतरणारे ओढे सखल भागातील नाले आणि उपखाड्यांतून समुद्राकडे जातात. सोपाऱ्याची खाडी ही त्यांपैकी महत्त्वाची होय. प्राचीन काळी सोपारा हे मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बुरूडराजाच्या कोटातील स्तूपाचे उत्खनन केले. जेथे एकेकाळी गलबते येत तेथे आज उथळ, गाळाने भरलेली खाडी आहे. खाडी गाळाने कशी भरते याचे उदाहरण मुलांना पुस्तकात शोधावे लागत नाही.

या दोन खाड्यांच्या मधल्या भागात खाजण, तिवराची झाडी, मिठागरे आणि खारजमिनी आहेत. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी प्रथम या सखल भागात पसरते आणि ओहोटीला खाडीत उतरते. ही जागा भरावाने कमी झाली किंवा नाल्यांची तोंडे बुजली तर पाणी वस्तीत व शेतात तुंबते. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसईच्या मिठागर वस्तीतील लोक पाण्याने वेढले गेले होते, हे अनेकांना आठवत असेल. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. त्याआधीपासून येथील वस्ती वेगाने वाढत होती. त्यामुळे सांडपाणी, भराव आणि पाण्याचा उपसा या तिन्ही गोष्टींचा भार आता खाडीवर आहे.

अभ्यासाची पूर्वतयारी

एका गटात पाच ते सहा विद्यार्थी असावेत. प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक आणि खाडीची माहिती असलेला एक स्थानिक जाणकार, म्हणजे मच्छीमार, मिठागरावरील कामगार किंवा खारबांधावरचा शेतकरी असावा. पुढील सूचना काटेकोरपणे पाळाव्यात.

१) विद्यार्थ्यांनी पाण्यात किंवा खाजणाच्या चिखलात उतरू नये. नमुना बांधावरून, धक्क्यावरून किंवा पुलाच्या सुरक्षित भागावरून दोरीला बांधलेल्या बादलीने घ्यावा.
२) पायात रबरी बूट व हातात रबरी मोजे असावेत. कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापतो आणि सांडपाण्यातून रोगजंतू शरीरात जाऊ शकतात.
३) काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. तत्पूर्वी काही खाऊ नये.
४) मुसळधार पावसात व उधाणाच्या दिवशी भरती चढत असताना खाडीवर जाऊ नये.

ठिकाणांची निवड

एकाच ठिकाणच्या पाण्यावरून संपूर्ण खाडीचे आरोग्य कळत नाही. किमान चार ठिकाणे निवडावीत. पहिले खाडीच्या मुखाकडील, जेथे समुद्राचे पाणी मुक्तपणे येते. दुसरे खाडीच्या मधल्या भागातील. तिसरे एखादा नाला खाडीस मिळतो त्याच्या खालच्या बाजूस. चौथे ठिकाण म्हणजे खाडीपासून जवळची एखाद्या वाडीतील विहीर. ठिकाणे एकदा ठरली की ती बदलू नयेत. प्रत्येक ठिकाणाचा नकाशा वहीत काढावा आणि पूल, उघाडी, झाड अशी कायमची खूण नोंदवावी.

वेळ कशी ठरवावी

खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. भरतीला समुद्राचे पाणी आत येते, तर ओहोटीला जमिनीकडचे पाणी बाहेर जाते. म्हणून प्रत्येक ठिकाणचा नमुना एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला घेणे आवश्यक आहे. वेळ न लिहिता घेतलेल्या नोंदीला काहीही अर्थ उरत नाही.

वेळ काढण्यासाठी आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा जुना हिशोब उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता भरती. अष्टमीला सुमारे सहा वाजता भरती आणि बारा वाजता ओहोटी. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांत हा हिशोब लागू पडतो. खाडीच्या आतल्या भागात भरती थोडी उशिरा पोहोचते, तो फरक मुलांनी स्वतः मोजावा. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची आणि अष्टमीच्या आसपास भांगेची भरती असते. दर महिन्याला एकाच तिथीला नोंद घेतल्यास महिन्यांची तुलना योग्य होते.

कोणत्या तपासण्या कराव्यात

१) तापमान : साधा तापमापक पाण्यात दोन मिनिटे धरून वाचावा. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून ही नोंद प्रथम घ्यावी.

२) गढूळपणा : २० सेंटिमीटर व्यासाची चकती घेऊन तिचे चार भाग आलटून पालटून काळे व पांढरे रंगवावेत. मध्यभागी खुणा केलेली दोरी व खाली वजन बांधावे. चकती पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली मोजावी. इटलीतील शास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ मध्ये ही पद्धत वापरली आणि आजही ती जगभर वापरली जाते. आपल्या खाड्या मुळातच चिखलाच्या आहेत. त्यामुळे आकडा लहान आला म्हणून घाबरू नये. त्याच ठिकाणच्या मागील नोंदीशी तुलना करावी.

३) खारटपणा : समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कापडातून गाळलेले १०० मिलिलिटर पाणी स्टीलच्या वजन केलेल्या भांड्यात पूर्ण आटवावे आणि भांडे पुन्हा वजन करावे. पाणी शेगडीवर आटवावयाचे असल्यास ते काम शिक्षकांनी करावे. शुद्ध समुद्राचे पाणी असेल तर सुमारे साडेतीन ग्रॅम क्षार उरतील. क्षार हवेतील ओलावा धरतात, म्हणून वजन लगेच करावे. सोनाराकडील लहान काटा यासाठी पुरेसा होतो. मिठागरावर पाण्याची 'डिग्री' पाहण्याचे तरंगमापक असते, तेही वापरता येईल. त्यावर समुद्राचे पाणी तीन ते साडेतीन डिग्री दाखवते आणि सुमारे पंचवीस डिग्रीला मीठ बसू लागते.

४) सामू : सामू दर्शविणारे कागद बाजारात मिळतात. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८ ते ८.२ असतो. गोड्या पाण्याचा बहुधा ६.५ ते ८.५ या मर्यादेत असतो. सामू एकाएकी खूप खाली किंवा वर गेला तर कारखान्याचे पाणी आले आहे काय, याची चौकशी करावी.

५) विरघळलेला प्राणवायू : माशांच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची तपासणी होय. यासाठी कोलंबी संवर्धक वापरतात तसा तपासणी संच मिळतो. त्यातील आम्ल शिक्षकांनीच हाताळावे. ३० अंश सेल्सिअस तापमानाला गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ७.५ मि.ग्रॅ. आणि समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.२ मि.ग्रॅ. प्रति लिटर प्राणवायू विरघळतो. ५ मि.ग्रॅ. च्या वर प्रमाण असेल तर माशांना त्रास होत नाही. ३ च्या खाली ते अस्वस्थ होतात आणि २ च्या खाली बहुतेक जाती तेथून निघून जातात किंवा मरतात. पाण्यात शेवाळ जास्त असेल तर दुपारी प्राणवायू वाढलेला आणि पहाटे फार कमी झालेला आढळतो. म्हणून दर वेळी घड्याळाची तीच वेळ पाळावी. तिथी तीच ठेवली की भरतीची वेळही साधारण तीच येते.

६) जीवसृष्टी : ओहोटीच्या वेळी बांधावरून हात पोहोचेल अशा ठिकाणी काठ्यांचा एक मीटर बाजूचा चौकोन ठेवावा. त्यातील खेकड्यांची बिळे, गोगलगायी आणि निवट्या मोजाव्यात. असे पाच चौकोन मोजून सरासरी काढावी. तिवर, कांदळ आणि चिपी ही झाडे ओळखून त्यांची नवी रोपे किती आहेत तेही लिहावे. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचे कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

७) कचरा : बांधाच्या ठरावीक दहा मीटर लांबीतील प्लास्टिक पिशव्या, बाटल्या, थर्माकोल व जाळ्यांचे तुकडे वेगवेगळे मोजावेत. उघाडीच्या तोंडाशी अडकलेला कचरा स्वतंत्र लिहावा.

८) विहिरीचे पाणी : विद्युत वाहकता दाखवणारे खिशात मावेल असे यंत्र अल्प किमतीत मिळते. १००० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर म्हणजे १ डेसिसायमन प्रति मीटर. पंप दहा ते पंधरा मिनिटे चालवून मगच नमुना घ्यावा. हे यंत्र खाडीच्या पाण्यात घालू नये, कारण ते पाणी यंत्राच्या मर्यादेपेक्षा बरेच खारट असते.

वासाबाबत एक खुलासा

खाजणाच्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पुष्कळ जण त्यावरून खाडी घाण झाली असे ठरवतात. वस्तुतः हवा न पोहोचणाऱ्या चिखलात सूक्ष्म जीवाणू समुद्राच्या पाण्यातील गंधकाच्या क्षारांपासून हा वायू तयार करतात आणि निरोगी तिवरातही तो असतो. त्याच कारणाने पिण्याच्या पाण्यातील जंतू ओळखण्यासाठी मिळणारी, पाणी काळे पडणारी बाटली खाडीच्या पाण्यासाठी वापरू नये. ती विहिरीसाठी वापरावी. मात्र भरल्या पाण्याला सांडपाण्याचा वास येणे, पाणी करडे-काळे दिसणे आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडणे ही प्रदूषणाची लक्षणे समजावीत.

वडीलधाऱ्यांची माहिती

आकड्यांइतकीच जुनी माहिती मोलाची असते. मुलांनी आपल्या आजी-आजोबांना विचारावे : पूर्वी या खाडीत कोणते मासे मिळत? जिताडा, बोय, काळुंदर, चिंबोरी, कोलंबी यांपैकी काय कमी झाले आणि केव्हापासून? विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत गोड राहत असे? बावखले किती होती आणि त्यांपैकी किती बुजली? कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी आणि आदिवासी कुटुंबांत एकाच माशाला किंवा झाडाला निरनिराळी नावे असतात. ती सर्व नावे लिहून घ्यावीत. किमान दहा घरांत विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण एका माणसाची आठवण चुकू शकते.

नोंदींचा अर्थ कसा लावावा

समजा, नाल्याखालच्या ठिकाणी ओहोटीला प्राणवायू २ मि.ग्रॅ. आणि भरतीला ५ मि.ग्रॅ. आढळला. भरतीला समुद्राचे पाणी आल्यावर स्थिती सुधारते, याचा अर्थ घाण जमिनीकडून येत आहे. उलट भरतीला प्राणवायू कमी आणि ओहोटीला जास्त आढळला तर दोष खाडीच्या खालच्या भागात शोधावा लागेल.

दुसरे उदाहरण खारटपणाचे घेऊ. पावसाळ्यात खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि मे महिन्यात ते समुद्राइतके खारट होणे स्वाभाविक आहे, कारण तेव्हा ओढे आटलेले असतात. परंतु मे महिन्यातही नाल्याजवळचे पाणी ओहोटीला बरेच कमी खारट आढळले तर मुलांना प्रश्न विचारावा : पाऊस नाही, ओढा कोरडा आहे, मग हे गोडे पाणी कोठून आले? बहुतेक वेळा त्याचे उत्तर वस्तीचे सांडपाणी हेच असते. आटवलेल्या पाण्याच्या एका भांड्यावरून आठवीचा विद्यार्थी हे ओळखू शकतो.

तरीही एका नोंदीवरून कोणावर आरोप करू नये. तीच गोष्ट तीन-चार महिने दिसली आणि दोन गटांच्या नोंदी जुळल्या, तरच ती खरी धरावी. संशयास्पद ठिकाणचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

शेतकऱ्यांनी या नोंदींचा उपयोग कसा करावा

वाडीच्या शेतकऱ्यांसाठी विहिरीची नोंद सर्वांत उपयोगी आहे. सिंचनाच्या पाण्याची विद्युत वाहकता ०.७ डेसिसायमनपेक्षा कमी असेल तर ते निर्धोक असते. ०.७ ते ३ या दरम्यान काळजी घ्यावी लागते आणि ३ च्या वर गेल्यास बहुतेक भाजीपाला पिकांना अपाय होतो. घेवडा, गाजर, मुळा व कांदा ही पिके क्षारांना फार नाजूक आहेत. बीट व नारळ त्यामानाने सहनशील आहेत.

किनाऱ्यावरील जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते, असे शास्त्र सांगते. म्हणजेच उपशामुळे वरची पातळी थोडीशी खाली गेली तरी खालचे खारे पाणी पुष्कळ वर सरकते. गेल्या शतकाच्या अखेरीस वसईतील टँकरद्वारे होणाऱ्या पाणी उपशाविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन केले, त्यामागे हेच भय होते.

विहिरीची वाहकता डिसेंबर ते मे दरम्यान दर महिन्यास वाढताना दिसली तर पुढील उपाय योजावेत.
१) पंप सलग चालवण्याऐवजी थोडा थोडा वेळ, मध्ये विश्रांती देऊन चालवावा.
२) ठिबक सिंचन व पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.
३) बावखलातील गाळ उन्हाळ्यात काढावा आणि बुजलेले बावखल पुन्हा खणावे. पावसाचे पाणी त्यात साठून जमिनीत मुरते व खारे पाणी खाली दाबले जाते.
४) घराच्या छपराचे पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे.

खारभूमीतील भातशेतकऱ्यांनी उघाडीजवळची नोंद पाहावी. उघाडीची झडप कचऱ्याने अडकली असल्यास ती पावसाळ्यापूर्वी साफ करून दुरुस्त करावी, अन्यथा भरतीचे पाणी शेतात शिरते. पहिल्या पावसाचे पाणी शेतात साठवून ओहोटीला बाहेर सोडावे, म्हणजे वर आलेले क्षार धुपून जातात. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती विकसित केल्या आहेत. अशा जमिनीत त्यांचा विचार करावा. बांधाबाहेरचे तिवर तोडू नये. ते लाटांचा जोर मोडते व गाळ धरून ठेवते, त्यामुळे बांध टिकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून राज्यातील कांदळवनाच्या तोडीस मनाई केलेली आहे.

शेतीतूनही खाडीस उपद्रव होतो, हे विसरून चालणार नाही. मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकलेला युरिया व फवारलेली औषधे नाल्यावाटे खाडीतच जातात. खताचे हप्ते पाडावेत आणि औषधाचे पंप नाल्यात धुऊ नयेत.

शाळा व गावाने काय करावे

इयत्तेनुसार कामे वाटून द्यावीत. सहावीने तापमान, कचरा व झाडे पाहावीत. सातवीने खारटपणा, गढूळपणा व खेकड्यांची बिळे मोजावीत. आठवीने प्राणवायू, विहिरी आणि आलेख सांभाळावेत. वर्ष संपल्यावर वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. एका वर्षाच्या नोंदीपेक्षा पाच वर्षांच्या नोंदीचे मोल कितीतरी अधिक असते.

१९९३ पासून भरत असलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत स्थानिक प्रश्नावरील असे प्रकल्प सादर करता येतात. १९९५ साली सुरू झालेल्या ग्लोब या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात अनेक देशांतील शाळकरी मुले पाण्याच्या व हवेच्या नोंदी घेतात. भारतही त्यात २००० सालापासून सहभागी आहे. म्हणजे आपल्या मुलांचे हे काम जगावेगळे नाही. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यापूर्वी, नोंदींचा तक्ता गावाच्या सभेत लावावा. त्याची प्रत ग्रामपंचायत किंवा महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयास द्यावी. तारीख, तिथी, वेळ व ठिकाण लिहिलेली नोंद कोणालाही सहज नाकारता येत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या मुलाने खाडीवर जाण्याची परवानगी मागितली तर ती जरूर द्यावी, आणि शक्य असल्यास स्वतः सोबत जावे. आपल्या विहिरीचा नमुनाही त्याच्याकडे द्यावा. पुढील हंगामात वाडीत घेवडा लावावा की बीट, विहिरीवरचा पंप किती वेळ चालवावा आणि उघाडी केव्हा दुरुस्त करावी, हे ठरवताना ती वही आपल्या उपयोगी पडेल. नोंदीची सुरुवात येत्या अष्टमीपासूनही करता येईल.